खाऱ्या पाण्याचे प्रश्न : एंजल, ट्रिगर, लायनफिश रीफ टँकमध्ये ठेवायचे का?

या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत. रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला जिवंत कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा टँक) नीट लागलाय, कोरल वाढतायत, आणि आता त्यात एखादा असा मासा हवाय ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात "बघा हं, रिस्क आहे". त्यामुळे गोड्या पाण्याची पत्रं पुढच्या अंकात घेते, गप्पीवाल्यांनी आणि डिस्कसवाल्यांनी महिनाभर थांबा, आणि या वेळचं सदर या रिस्कवाल्या माशांना देते.

माझा चार फुटी टँक आहे, सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) धरून साधारण 350 लिटर, दीड वर्ष झालं. कोरलमध्ये झोआ, मशरूम, एक टोडस्टूल लेदर, दोन हॅमर आणि एक लाल ट्रॅकी आहे, मासे म्हणजे क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा आणि दोन कार्डिनल. मला फ्लेम एंजल घ्यायचाच आहे, तो लाल रंग डोक्यातून जात नाही. दुकानदार म्हणतो बिनधास्त घ्या, रीफ सेफ आहे, म्हणजे कोरलला त्रास देत नाही. कुठला मासा रीफमध्ये चालतो त्या तक्त्यात बघितलं तर "विथ कॉशन" (जपून) लिहिलंय. नक्की काय समजायचं?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

दादा, तक्ता खोटा नाहीये आणि दुकानदारही अगदीच खोटं बोलत नाहीये, पण तुम्हाला जो मासा मिळणार आहे तो दोघांनाही माहीत नाही. फ्लेम, कोरल ब्यूटी, लेमनपील हे सगळे छोटे एंजल, दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आसपास थांबणारे, आणि यांची पोट भरायची पद्धत म्हणजे दिवसभर दगडावरून फिरत टिपत राहायचं, शेवाळाचा थर, त्यात अडकलेला गाळ, बारीक जीव, जे मिळेल ते. दिवसातून शेकडो वेळा तोंड मारणारा मासा आहे हा. त्यातल्या दोन-चार वेळा तोंड कोरलच्या कडेला लागतं, कोरलवरचा चिकट थर चाखायला मिळतो, काही मासे तेवढ्यावर थांबतात आणि काहींना मांसाची चटक लागते. एकदा चटक लागली की मग खाऊ कितीही घाला, ती सुटत नाही. मी आणि माझ्या मैत्रिणीने एकाच दुकानातून एकाच दिवशी दोन फ्लेम आणले होते, तिच्याकडचा पाच वर्षं झोआंच्या गादीवरून फिरला आणि एकाला हात लावला नाही, माझ्याकडच्याने पंधरा दिवसांत झोआंची एक अख्खी कॉलनी बंद पाडली.

तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ट्रॅकीची. मांसल, फुगलेलं, तळाला उघडं पडलेलं कोरल, एंजलला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. त्यानंतर झोआ. हॅमर आणि लेदरला शक्यतो कमी त्रास होतो, मशरूमकडे तर बहुतेक एंजल बघतही नाहीत.

लेमनपीलचा माझा अनुभव सांगते, तेव्हा आम्ही नौपाड्यात राहायचो. तीन महिने सगळं छान चाललं होतं, चौथ्या महिन्यात माझी ट्रॅकी फुगायची बंद झाली. मी पाणी तपासत बसले, सॅलिनिटी 1.025, अल्कलिनिटी आठच्या वर, कॅल्शियम 420, सगळं जागच्या जागी, तरी ती दिवसेंदिवस आक्रसतच चाललेली. मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघितलं, टँकपासून दहा-बारा फूट लांब, अजिबात न हलता. लेमनपील दगडाच्या मागून आला, ट्रॅकीच्या कडेला येऊन अंग तिरकं केलं, एक डोळा खाली, आणि टिपलं. तांदळाच्या कणीएवढा लचका. मासा दोन इंच मागे सरकला, मांस आत ओढलं गेलं, त्याने वाट पाहिली, ते जरा सैल झाल्यावर परत त्याच जागी. मी एक पाऊल पुढे टाकलं तर लगेच काचेपाशी येऊन खाऊ मागायला लागला. तीन महिने मला त्याचं हेच काचेजवळचं रूप दिसत होतं.

मग त्याला बाहेर काढायचं. रविवारी सकाळी बसले, चार बादल्या भरल्या, सगळे दगड बाहेर, जवळजवळ चार तास लागले, हॅमरचं एक डोकं तुटलं, रेती ढवळली गेल्यामुळे पाणी दोन दिवस गढूळ राहिलं आणि ट्रॅकी शेवटी वाचली नाहीच. मासा त्याच्या स्वभावाने वागला. मी त्याला आत सोडताना बाहेर कसा काढणार याचा विचारच केला नव्हता, आणि तेव्हापासून रिस्कवाल्या प्रत्येक माशाच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न तोच असतो. तो चालतो का हे नंतर बघू, नाहीच चालला तर तो हातात येणार कसा आणि जाणार कुठे?

तेव्हा तुम्ही असं करा. आधी अ‍ॅक्रिलिकचा सापळा घ्या किंवा बनवून घ्या, आणि मासा आणायच्या आधीपासून आठवड्यातून दोनदा टँकमधल्या माशांना त्याच्यात खायला घाला, दार उघडंच ठेवून. त्या खोक्यात जेवण मिळतं हे बाकीच्यांना कळलं की नवीन आलेलाही त्यांच्या मागे आत शिरतो, आणि उद्या पकडायची वेळ आली तर दगड हलवावे लागत नाहीत. दुकानदाराला आधीच विचारा की महिन्या-दोन महिन्यांनी मासा परत घ्याल का, आणि बिलाच्या मागे लिहून घ्या, तोंडी हो म्हणणारे पुष्कळ असतात. मासा घरी आला की क्वारंटाइन (नवीन मासा वेगळ्या टँकमध्ये ठेवायचे दिवस) संपल्यावर त्याला थेट सोडू नका, रीफमध्येच अ‍ॅक्लिमेशन बॉक्स (रुळायला ठेवायचं पारदर्शक खोकं) लावा आणि त्यात चार-पाच दिवस ठेवा, सोबत स्वस्तातले दोन झोआ फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) ठेवा. पोट भरलेलं असताना त्याने फ्रॅग सोलले तर तिथेच कळलं, तो बॉक्समधूनच परत जाईल. नाही सोलले तर ती खात्री नव्हे, पण चांगली खूण आहे.

एंजल सगळ्यात शेवटी घालायचा, बाकी मासे आणि कोरल रुळल्यावर, म्हणजे तो टँकचा मालक बनून बसत नाही. एकच घ्या. हे सगळे जन्माला मादी असतात, गटातला दांडगा असेल तो नर होतो, आणि दोन नर एका चार फुटीत एकमेकांना सोडत नाहीत. दिवसातून तीनदा थोडं थोडं खाऊ द्या, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिनावालं, स्पंज असलेलं एंजल फूड, आणि नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला कायम लटकलेला असू दे (साधी नोरी, तेल-मीठ-मसाला लावलेली नको). आणि ट्रॅकी आधीच कुणाला तरी देऊन टाका, किंवा तीच ठेवा आणि फ्लेमचा नाद सोडा. दोन्ही ठेवायचा सल्ला मी देणार नाही.

बघताना फरक कसा ओळखायचा, तर मासा झोआंच्या मधलं शेवाळ टिपत असेल तर पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडं) क्षणभर मिटतात आणि थोड्या वेळात परत उघडतात, ते चालतं. दोन-तीन दिवस मिटलेलेच राहिले, कडा फाटलेल्या दिसल्या, तर तो खातोय. तुम्ही समोर असताना तो काही करणार नाही, तेव्हा मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि दोन तास बाहेर जाऊन या.

एंजलचाच शौक असेल आणि पुढेमागे टँक मोठा करणार असाल तर लामार्क एंजलकडे बघा, तो त्याच घराण्यातला पण वरच्या पाण्यात तरंगणारं बारीक खाद्य खाणारा, कोरलला सहसा तोंड लावत नाही. मात्र तो वीतभर वाढतो, तुमच्या आत्ताच्या टँकला मोठा होईल.

टँकमध्ये एप्टेशिया (तणासारखं माजणारं छोटं अ‍ॅनिमोन) इतका झालाय की मोजायचं सोडून दिलं. मी सुरुवातीला चिमट्याने उपटले तर आणखीनच वाढले. ग्रुपमधल्या एकांनी कॉपरबँड बटरफ्लाय घ्यायला सांगितलं, दुसरे म्हणाले तो कोरलही खातो आणि शिवाय महिन्याभरात मरतो. तीन फुटी टँक आहे. काय करू?
— एक वाचक, वाशी

ताई, उपटणं आधी थांबवा. एप्टेशियाचा तळाशी चिकटून राहिलेला बारीक तुकडासुद्धा नवीन एप्टेशिया होतो, त्यामुळे चिमट्याने तुम्ही त्याची लागवडच करत होतात.

कॉपरबँडबद्दल दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. लांब चोचीचा, नारिंगी पट्ट्यांचा, फार देखणा मासा, बरेचसे कॉपरबँड एप्टेशिया खातात, काही ढुंकून बघत नाहीत, काही एप्टेशिया संपल्यावर मांसल कोरलकडे आणि क्लॅमकडे वळतात, आणि दगडातले फेदर डस्टर किडे तर सगळेच साफ करतात. पण मला त्याच्यापासून कोरलला असलेल्या रिस्कपेक्षा त्याच्या स्वतःच्या जिवाची रिस्क मोठी वाटते. समुद्रातून पकडून, पिशव्या बदलत बदलत दुकानापर्यंत येईस्तोवर त्याने कितीतरी दिवस काही खाल्लेलं नसतं, आणि जे खाऊ आपण टाकतो ते त्याला खाऊ वाटतच नाही. तुमच्या तीन फुटीत त्याला जागाही कमी पडेल, तो वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर नाही असं आहे.

ज्यांचा टँक चारशे लिटरच्या वर आहे आणि तरीही घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी सांगते. दुकानात जाऊन दुकानदाराला तुमच्या समोर खायला घालायला सांगा, खाताना दिसला नाही तर पैसे देऊ नका, "घरी गेला की खाईल" यावर विश्वास ठेवू नका. समोरून बघा, डोक्याच्या मागे पाठीचं मांस चपटं, खोलगट दिसत असेल तर तो उपाशी आहे आणि बहुतेक परत सावरत नाही. घरी आल्यावर मायसिस नाही खाल्लं तर तिसऱ्या (शिंपल्या) द्या. बाजारातून जिवंत तिसऱ्या आणायच्या, तीन-चार पाण्यांनी धुवायच्या, दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायच्या. बाहेर काढून जरा नरम पडली की सुरीचं टोक सांध्यात घालून उघडायची, एक शिंपला टाकून द्यायचा, मांस असलेला अर्धा शिंपला नळाखाली धुऊन दगडाच्या खाचेत उताणा ठेवायचा, पाणी फिरवणाऱ्या वेव्हमेकरच्या झोतापासून बाजूला. आधी तो लांबून बघेल, मग चोच घालून मागे पळेल, पण एकदा का त्या कडेच्या मऊ मांसाची चव कळली की दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात शिंपला बघून वर येईल. दोन तासांनी उरलेलं काढून टाकायला विसरू नका, नाहीतर नायट्रेट वाढेल.

तुमच्यासाठी पेपरमिंट कोळंबी बरी, तीन-चार एकदम सोडा. ओळख मात्र नीट करून घ्या, कारण तिच्यासारखीच दिसणारी कॅमल श्रिंप दुकानात याच नावाने खपवली जाते आणि ती कोरल खाते. पाठीवर उंच कुबड आणि लालवर ठळक पांढऱ्या रेघा-ठिपके दिसले तर ती कॅमल, पेपरमिंट फिकट असते, बारीक लाल रेघांची. मोठे एप्टेशिया असतील त्यांना सिरिंजने काल्कवासरची घट्ट पेस्ट भरा, पंप दहा मिनिटं बंद ठेवून, एका दिवसात पाच-सहापेक्षा जास्त नको कारण पीएच वर जातो. काल्कवासर म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, चुनाच, पण पानाच्या डबीतला चुना वापरू नका, त्यात बाकी काय मिसळलंय ते आपल्या हातात नसतं. आणि कुणी रॅकून बटरफ्लाय सुचवला तर नको म्हणा, तो एप्टेशिया खातो हे खरं, पण त्यानंतर कोरलही खातो.

मी बारावीत आहे. मला क्लाउन ट्रिगर खूप आवडतो, बाबा पाच फुटी रीफ टँकचा खर्च करायला तयार आहेत. क्लाउन नाही तर निगर ट्रिगर तरी चालेल का?
— एक वाचक, खारघर

अरे, बाबा तयार आहेत म्हणून सांगते, हे पैसे नीट लावू या. क्लाउन ट्रिगरचं तोंड बघितलंस का जवळून? आतले दात छिन्नीसारखे असतात, खेकडे, शिंपले, सी अर्चिन फोडून खायला बनलेले. रीफमध्ये तो कोळंबी, गोगलगाय, स्टारफिश, सगळं खाणार, फ्रॅग उचलून फेकणार, पुढे मोठा झाला की सोबतचे मासेही मारणार. त्याला रीफ नाही, त्याच्या एकट्याचा मोठा टँक हवा.

निगरचा स्वभाव वेगळा आहे, तो पाण्यातलं तरंगतं खाद्य खाणारा, कोरल बहुधा सोडून देतो. पण दुकानात बोटाएवढा दिसणारा निगर समुद्रात चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि क्लीनर श्रिंप त्याच्यासमोर टिकेल याची हमी नाही. पाच फुटीत दोन-तीन वर्षांनी त्याला मागे वळायलाही जागा राहणार नाही. ट्रिगरच हवा असेल तर ब्लू जॉ ट्रिगर, तोही सहा फुटीत. सध्या पाच फुटीच लावणार असशील तर पहिलं वर्ष ट्रिगरशिवाय काढ. तुझी परीक्षा आहे, टँकचं सायकलिंग (पाण्यात उपयोगी बॅक्टेरिया रुजणं) आहे, दोन्हीला वेळ लागतो.

मुलीला दुकानात तो शिंगवाला पिवळा चौकोनी मासा फार आवडला, काऊफिश. एवढासाच आहे. रीफमध्ये टाकला तर?
— एक वाचक, नेरुळ

टाकू नका. मुलगी हट्ट करणार हे मला कळतं, पण ताई, या माशाच्या कातडीत विष असतं, तो खूप घाबरला, आजारी पडला किंवा मेला की ते विष पाण्यात सोडतो, आणि बंद टँकमध्ये त्याने बाकीचे सगळे मासे काही तासांत जाऊ शकतात, कधीकधी तो स्वतःही. तुम्ही ऑफिसला असाल तर घरी येईपर्यंत सगळं झालेलं असेल. शिवाय अंग पेटीसारखं असल्यामुळे रीफच्या जोरदार प्रवाहात त्याला धड पोहता येत नाही, बाकीचे मासे खाऊ पळवतात, आणि एवढासा दिसतोय तो वाढतो दीड फुटापर्यंत. मुलीला सेलफिन ब्लेनी दाखवा. ती दगडाच्या भोकातून डोकं बाहेर काढून बसते आणि माणसाकडे बघते, मुलांना ती लगेच आवडते.

लायनफिश कोरलला हात लावत नाही असं वाचलं. मग तो रीफ सेफच झाला ना? घरी आई-वडील वयस्कर आहेत, कधी मी नसताना टँकचं काम वडील करतात.
— एक वाचक, कळवा

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून तिथून सुरू करते. लायनफिशच्या पाठीवर 13, पोटाखाली दोन आणि मागे तीन असे विषारी काटे असतात. तो अंगावर धावून येत नाही, पण काच पुसताना, पंप काढताना हात मागे गेला आणि तो कोपऱ्यात उलटा लटकलेला असला तर काटा लागतो, आणि ती वेदना सहन होण्यासारखी नसते. साठीच्या पुढच्या, बीपी-हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ही रिस्क द्यायची नाही. वडील टँकमध्ये हात घालत असतील तर लायनफिश नको, त्यात मध्यममार्ग नाही.

ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी हे टँकशेजारी लिहून चिकटवा. काटा लागला तर बर्फ लावायचा नाही. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 40 ते 45 अंश, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं. वेदनेमुळे त्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पाण्याची गरमी दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या माणसाने बघायची. आणि लगेच हॉस्पिटल, श्वास लागला किंवा चक्कर आली तर गरम पाण्यात वेळ न घालवता आधी हॉस्पिटल. फॉक्सफेसचे काटेही विषारीच असतात, आणि तो शेवाळ खाणारा गरीब मासा म्हणून लोक बेफिकीर असतात. त्याला जाळीने पकडू नका, काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना लागतात, डब्याने उचला.

आता रीफ सेफचं. कोरलला तो हात लावत नाही हे खरं, पण तोंडात मावणारा प्रत्येक मासा आणि कोळंबी त्याचं जेवण आहे, आणि त्याच्या तोंडात आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं मावतं. क्लाउन, ग्रामा, डॅमसेल, सगळे जाणार. ड्वॉर्फ लायनफिश लहान राहतो, तरी हिशेब तोच. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली रोज घालून त्याला पोसू नका, त्याने लिव्हर खराब होतं, ताजी करंदी पातळ काडीच्या टोकाला लावून त्याच्यासमोर हलवत सवय लावा, काही दिवस लागतात पण घेतो.

आणि एक, कंटाळा आला म्हणून कुठलाही मासा खाडीत सोडायचा नाही. लायनफिश आपल्या हिंद-प्रशांत महासागराचा, पण अमेरिकेत फ्लोरिडाजवळ तो 1985 मध्ये पहिल्यांदा दिसला, पाळलेल्या माशांमधूनच तो तिकडे गेला असं मानतात, आणि आता तिथल्या रीफवरचे लहान मासे तो फस्त करतोय. आपली ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहे, तिथे आपल्या टँकमधला परका मासा किंवा त्याचा रोग जायला नको. आणि ठाण्याच्या मासुंदा तलावात सोडला तर गोड्या पाण्यात तो तडफडून मरेल. नको असेल तर दुकानात परत द्या, नाहीतर मोठा टँक असलेल्या कुणाला द्या.

ओळखीचा एक जण आपल्याच समुद्रातले कडक कोरल अगदी स्वस्तात आणून देतो म्हणतो. घेऊ का?
— एक वाचक, पनवेल

अजिबात नाही. कडक प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. समुद्रघोडाही त्यातच. पकडले गेलात तर तुम्हीही आरोपी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मालवणपासून लक्षद्वीपपर्यंत आपल्याकडे रीफ आहेच किती, त्यातलं फोडून आपल्या हॉलमध्ये आणायचं? आयात केलेल्या कडक कोरलचेही कागद मागा, कागद नसतील तर झोआ, मशरूम, लेदरवर टँक सुंदर होतो, दुसऱ्या हौशी माणसाकडून फ्रॅग घ्या.

नवीन कोरल ब्यूटी आणला, पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, आता टँग माशावरही दिसतायत. दुकानातून कॉपरचं औषध दिलं, काल रात्री अर्धा डोस रीफ टँकमध्येच टाकला. आज झोआ उघडले नाहीत आणि दोन टर्बो गोगलगायी उताण्या पडल्यात. घाबरून लिहितेय.
— एक वाचक, ऐरोली

ताई, तुम्हाला फोनवर कळवलंच होतं, बाकीच्यांना उपयोग होईल म्हणून इथे देते. कॉपरने तो परजीवी मरतो हे बरोबर, पण कोरल, कोळंबी, गोगलगाय यांनाही तेच कॉपर मारतं, फार थोड्या प्रमाणातसुद्धा. रीफमध्ये कॉपर कधीच नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. पडलंच असेल तर लगेच निम्मं पाणी बदला, कॉपर शोषणारं रेझिन आणि ताजं कार्बन फिल्टरमध्ये घाला, जिवंत गोगलगायी-कोळंबी आणि शक्य तितके कोरल दुसऱ्या पाण्यात हलवा, आणि कॉपरची टेस्ट किट घेऊन रोज तपासा, कारण दगड आणि रेती कॉपर धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. रीडिंग शून्यावर येऊन काही आठवडे तिथेच राहिलं तरच कोरल परत.

ठिपके खरवडू नका, टँकचं तापमान चढवू नका, ती युक्ती गोड्या पाण्यातल्या इकची (पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची) आहे, हा जीव वेगळा. याचं असं असतं की ठिपका माशावर काही दिवस राहतो, मग गळून रेतीत-दगडावर कोष करतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं निघून परत मासा शोधतात. म्हणजे ठिपके गेले की बरा झाला असं नाही, ते पुढच्या फेरीच्या तयारीत असतात. मासा मिळाला नाही तर ती पिल्लं मरतात. म्हणून सगळेच्या सगळे मासे बाहेर काढायचे आणि रीफ अडीच महिने माशांशिवाय चालवायचा. कोरलला त्याने काही होत नाही, थोडं खाऊ टाकत राहा म्हणजे बॅक्टेरिया टिकतील.

बाहेर काढलेल्या माशांना कुठे ठेवायचं, तर फ्लॅटमध्ये दुसरा मोठा टँक लावायची गरज नाही. पन्नास-साठ लिटरचे दोन साधे टँक किंवा नवे कोरे प्लास्टिक क्रेट, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो. छोटे एंजल कॉपरला नाजूक असतात, म्हणून तुमच्या कोरल ब्यूटीसाठी मी औषधाऐवजी टँक बदलत राहायची पद्धत सांगितली. पहिल्या टँकमधून तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्यात, मासा फक्त, जुनं पाणी शक्य तितकं नाही, रिकामा झालेला टँक आणि त्यातलं सगळं सामान धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं, असे चार बदल. गळून पडलेला कोष जुन्या टँकमध्येच राहतो आणि मासा त्याच्यापुढे निघून जातो. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवा, पण एक थेंब ओल ठेवू नका. वेल्व्हेट हा दुसरा रोग असेल तर मात्र ही पद्धत चालत नाही, त्यात ठिपके पिठीसाखरेसारखे अगदी बारीक असतात आणि मासा धापा टाकतो, तेव्हा वेगळ्या टँकमध्ये कॉपरच लागतं, टेस्ट किटने मोजून.

रिकाम्या रीफला चार आठवडे झाले की "आता ठीक दिसतंय" म्हणून एखादा मासा परत टाकायचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील. आणि क्वारंटाइनची जाळी, पाइप, मग, टॉवेल यातलं काही रीफकडे येता कामा नये. माझ्याकडे क्वारंटाइनचं सगळं हिरवं आणि रीफचं सगळं निळं आहे, घरातली कामवाली ताईसुद्धा आता हिरवा मग निळ्या बादलीत जाऊ देत नाही.